सुजाता, तुझी केमिस्ट्री राहिली

दोन हजार पंचवीस साल. शाळेच्या दाखल्यावर माझं वय एकाहत्तर, माझ्या हिशोबानं त्र्याहत्तर. दाखल्यावरची तारीख मास्तरानं मनानं टाकली, मी आईनं सांगितलेलं धरतो. तू दोन्ही मानायची नाहीस. "मामा, तुमचं भांडण बघितलं तर तुमी पन्नाशीच्या पुढं गेलेच न्हाई," म्हणायचीस.

सासऱ्यानं सुनेवर लिहायचं, अशी रीत नाही. आधी मी जायचं, मग तू विहारात चार माणसांत उभं राहून माझं चांगलं-वाईट बोलायचं, असं मी धरून चाललो होतो. बोलण्यात तू पक्की. मला बोलायला उभं केलं तर एकच वाक्य निघालं आणि ते ऐकून लोक एकमेकांकडे बघायला लागले. म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलोय, जोडाक्षरं मोडतील. मोडू दे. तू असतीस तर लाल पेनानं गोल केले असतेस आणि मी म्हणलो असतो, अर्थ कळला ना, मग झालं.

आधी ते भांडण घेऊ, जे तू अर्धं टाकून गेलीस.

आम्ही तुला बघायला तुझ्या गावी साखऱ्याला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर होता. त्या पेपरात तू गेलीस. बाकी सगळे विषय निघाले, तो एक राहिला. लग्न झालं, घरात आलीस, किती तरी वर्षं तू यावर चकार शब्द काढला नाहीस. आणि मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणलीस, "तुमच्यामुळं माझी केमिस्ट्री गेली मामा."

मी म्हणलो, "आमी काय केलं? चहा पिलो, पोहे खाल्ले, निघालो."

"दुसऱ्या दिवशी पेपर व्हता."

"मग सांगायचं न्हाई का?"

"पोरीनं सांगायचं का पाहुण्यायला, आज नका येऊ म्हणून? तुमी मला इचारलं, शिक्षण किती? मी म्हणले, बारावी सायन्स चालू हाय. तुमी म्हणले, छान. अन् पोहे अजून मागितले."

पोहे मी मागितले नव्हते, तुझ्या आईनं वाढले. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. आणि अभ्यास वर्षभराचा असतो, एका संध्याकाळचा नसतो, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू म्हणायचीस, घर सारवण्यात, साडी नेसण्यात, शेजारच्या बायांच्या सूचना ऐकण्यात अख्खा दिवस गेला, रात्री पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसंनात. त्याच्यावर माझ्याकडं एक चांगलं उत्तर तयार होतं. आता ते कोणाला देऊ? माझ्या पोराला, मिलिंदला दिलं तर तो उठून बाहेर जातो.

लेकरू झालं नाही म्हणून लोक तुला काय काय बोलले, ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मला कानाची तकलीफ नव्हती तेव्हा. तू त्यातून वेगळंच काढलंस. म्हणलीस, "लेकरू न्हाई, तर वेळ हाय. केमिस्ट्री काढते अन् फार्मसीला जाते." आपल्या शिरड शहापुरात स्वतःचं औषधाचं दुकान टाकायचं होतं तुला. दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवला होतास. मिलिंद म्हणला, "आता या वयात?" त्याच्याकडं न बघता तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणलो, "बसू दे तिला." एवढंच बोललो. आमच्या पिढीला परीक्षेला बसायला मिळालं नाही, कोणी बसायचं म्हणत असेल तर तिला उठ म्हणणारा मी नाही.

वसमतला तू क्लास लावलास. तिथल्या कदम सरांनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, तुमचं बारावीचं सोडा, अकरावीचं मोलच कच्चं आहे. तिथून धरा." तू घरी आलीस ती तोंड पाडून. मी विचारलं, मोल म्हणजे काय? तू म्हणलीस, तेच तर येत न्हाई.

तिथून आपलं सुरू झालं. पहाटे, मिलिंद कारखान्यातून रातपाळी करून यायच्या आधी. पुस्तक सगळं इंग्रजीत, मला त्यातले फक्त आकडे कळायचे. मग मी काय करायचं? तर तू पुस्तकाच्या मागची उत्तरांची पानं फाडून माझ्या हातात दिलीस. "ही तुमच्या बंडीच्या खिशात ठेवा. मी कितीबी मागितली तरी दाखवू नका. उत्तर आलं की मी सांगंन, तुमी बघून म्हणायचं, बराबर का चूक." चांगलं पुस्तक फाडलं म्हणून मी बोललो. तू म्हणलीस, पुस्तक माझं हाय.

हे काम मला जमण्यासारखं होतं. उभा जन्म मी वसमतच्या मोंढ्यात मापाडी होतो. हळद, कापूस, सोयाबीन, जे आलं ते काट्यावर घेतलं. शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, दोघं माझ्या तोंडाकडं बघत. काटा थांबल्याशिवाय मी आकडा कधी बोललो नाही. कोणी कितीही घाई करो. तुझ्याशीही तसंच वागलो. तू पेन चावत म्हणायचीस, "मामा, नुसतं सांगा, जवळ हाय का लांब हाय?" मी म्हणायचो, "काटा हलून राहिला अजून." मग तू रागानं कागद फिरवायचीस.

मोलवर आपण चार-पाच दिवस भांडलो. तू म्हणलीस, एक डझन केळी, एक डझन बोरं, आकडा एकच, वजन वेगळं. तसंच मोलचं. मी म्हणलो, "डझन मला मोजून दाखवता येतं. हे कोणी मोजलं?" तू तो मोठा आकडा सांगितलास, सहाच्या पुढं तेवीस घरं. मी म्हणलो, "मोजणारा कोण? त्याचं नाव सांग. किती दिवस मोजत बसला?" तू हसून हसून खाली बसलीस. दुसऱ्या दिवशी तूच शोधून आणलंस. "मामा, पोतं समजा. कापसाचं पोतं अन् हळदीचं पोतं. पोतं एक, वजन दोन."

"म्हंजी पोत्यात दाणे सारखे भरायचे?"

"व्हय. दाणे मोजून भरलेलं पोतं म्हंजी मोल."

"असं पोतं मोंढ्यात कोणी भरत न्हाई."

"तुमच्या मोंढ्यात न्हाई भरत. देवाच्या मोंढ्यात भरतेत."

"देव कुठून आणला आता मधी?"

"बरं, निसर्गाच्या मोंढ्यात. झालं?"

पोतं म्हणल्यावर मला कळलं होतं. मी कळलं म्हणून सांगितलं नाही, कारण मग तू समजावणं बंद केलं असतंस. ते ऐकायला मला बरं वाटायचं. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढ्या चिकाटीनं काही समजावलं नव्हतं. मास्तरानं तर नाहीच.

मोरचुदाचं गणित आठवतं का? अंगूर-डाळिंबावाले फवारतात तो निळा खडा. पंचवीस ग्रॅम मोरचूद, मोल किती? तू सांगितलंस की त्या खड्यात पाणी कोंडलेलं असतं, त्याच्या नावात एक ठिपका देऊन पुढं पाच पाणी लिहितात. पाणी म्हणल्याबरोबर मी म्हणलो, "वजा कर." मोंढ्यात माल ओला असला की ओल वजा, पोत्याचं बारदान वजा, मग निव्वळ वजन. पाण्याला पैसे देणारा व्यापारी अजून जन्मला नाही. तू थोडी थांबलीस, मग वजा केलंस. उत्तर आलं शून्य पॉइंट पंधरा का सोळा. मी खिशातलं पान काढलं. तिथं शून्य पॉइंट एक.

मी म्हणलो, "पुस्तक चुकलं."

तू म्हणलीस, "मला बी तसंच वाटून राहिलं."

तू ते गणित तसंच कदम सरांच्या क्लासात मांडलंस. सरांनी विचारलं, पाणी काहून काढलं? तू बेधडक सांगितलंस, आमचे मामा मापाडी हायेत, ते म्हणले ओल धरत नसतेत. क्लासातली सतरा-अठरा वर्षांची पोरं हसून लोळली. तू घरी येऊन मला ते सांगितलंस तेव्हा मला राग आला, तुला नाही आला. म्हणलीस, "मामा, या दुकानात पाण्याला बी भाव हाय. खड्याचंच वजन घ्यायचं, पाण्यासकट." त्यानंतर कुठलंही गणित अडलं की आपण एकमेकांना विचारायचो, पाण्यासकट का पाण्याबिगर? मिलिंदला वाटायचं आपण दारूचं बोलतोय.

आणि अॅसिडचा दिवस. पुस्तकात चुनखडीवर अॅसिड टाकलं की वायू निघतो असं लिहिलेलं. तू म्हणलीस, बघितल्याशिवाय ध्यानात ऱ्हात न्हाई. मिलिंदनं संडास धुवायला आणलेली अॅसिडची बाटली घेऊन दारात आलीस. मी म्हणलो, चुनखडी कुठंय? तू खाली बोट केलंस. आपली शहाबादी फरशी. "हा दगड बी त्यातलाच, सरांनी सांगितलं." मी नको म्हणायच्या आत तू एक थेंब सोडलास. फस्स झालं, पांढरे बुडबुडे आले, वास सुटला. तू तोंडाला पदर लावून म्हणलीस, "मामा, निघाला बघा वायू. शंभर ग्रॅम फरशी विरघळली तर चव्वेचाळीस ग्रॅम निघंल."

मी म्हणलो, "शंभर ग्रॅम विरघळू नको. घर माझं हाय."

फरशीवर पांढरट डाग पडला तो पडलाच. मी किती दिवस त्यावरून बोललो. परवा सांत्वनाला आलेल्या बाया त्याच्यावर चपला काढत होत्या.

त्या अॅसिडच्या गणितांत तुझी एक चूक ठरलेली होती. बाणाच्या दोन्ही बाजूंना माल सारखा यायला पाहिजे, त्यासाठी अॅसिडच्या आधी दोन लिहायचे, आणि ते दोन तू गणित करताना विसरायचीस. उत्तर बरोबर निम्मं यायचं. मला गणित कळत नसे, पण निम्मं कळायचं. मी म्हणायचो, "एका पारड्यात कमी पडलंय." तू कपाळाला हात लावायचीस, दोन टाकायचीस, आणि पुढच्या गणितात पुन्हा विसरायचीस.

लोक आता म्हणतात, पोरगी पास झाली असती, फर्स्ट क्लास आली असती. मेलेल्या माणसाबद्दल लोक असं बोलतात. मी नाही बोलणार, तुला खोटं चालत नव्हतं. तुझी दहातली चार गणितं यायची. कधी पाच. शेवटच्या आठवड्यात तर तू रडलीस, म्हणलीस, "मामा, डोक्यात ऱ्हायनाच. मी ठोंबी हाये का?" मी म्हणलो, "पुढचं वाच." माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. तू पास झाली असतीस का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायचं होतं, एवढंच तर आपलं चाललं होतं. पास का नापास, जे काय असेल ते. तेवढंही तुला मिळालं नाही, आणि मला हेच गिळवत नाही. नापास झाली असतीस तर मी सहन केलं असतं. पुन्हा बसली असतीस.

मी तुला शाब्बास कधी म्हणलो नाही, हे मिलिंदच्या मावशीनं परवा मला ऐकवलं. तिला काय माहीत. मी "बराबर" म्हणायचो. मोंढ्यात त्याच्यावर शब्द नाही. व्यापारी आणि शेतकरी दोघंही ज्या शब्दावर मान हलवतात तो शब्द मी तुला देत होतो, आणि तो ऐकला की तू पुढच्या गणिताखाली रेघ मारायचीस. तुला कळत होतं. तू गेल्यावर मला वाटतंय की तुला कळत होतं. विचारणार कोणाला?

त्या संध्याकाळचं मी लिहिणार नाही. क्लासाहून येताना उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावर रोज त्या उभ्या असतात. तुझी पिशवी पोलिसांनी दिली ती मिलिंदनं घेतली, मी हात लावला नाही.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. भंतेजींनी त्रिशरण दिलं, मग एकेक जण उठून बोलला. सरपंच बोलले, तू मनमिळाऊ होतीस. बचत गटाच्या बाया बोलल्या, तू कधी कोणाला उलटून बोलली नाहीस. मी मनात म्हणलो, यांना भेटलीच नाही ती. तुझा भाऊ बोलला, घराला घरपण दिलं. तुझ्या हातच्या पुरणपोळीवर दोघं बोलले. सगळे खरंच बोलत होते, पण ती दुसरीच कोणी बाई होती. माझी सून पहाटे मांडी घालून पेन चावते, निम्मं उत्तर काढते आणि पुस्तकाला शिव्या घालते. तिच्याबद्दल कोणी बोलेना. मग मला उठवलं. मी माईक धरला. मला सांगायचं होतं पोत्याचं, मोरचुदाचं, ते राहिलेल्या पेपराचं. निघालं एकच. मी म्हणलो, "तिची केमिस्ट्री राहिली." आणि बसलो.

लोकांना वाटलं म्हातारा भ्रमला. एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणला, "आबा, आता केमिस्ट्रीचं काय घेऊन बसता." मी त्याचा हात काढला. मागं कदम सर उभे होते, ते खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, नेहमीच्या वेळेला. मिलिंद घरीच होता, त्याची पाळी अजून सुरू झाली नव्हती. जागाच होता. मी लाइट लावला, ती पिशवी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणलो, "पुस्तक काढ. वाच."

"काय वाचू बाबा?"

"ती थांबली तिथून."

त्यानं पान शोधलं. पेनाची खूण होती. अडखळत वाचायला लागला, इंग्रजी त्याचं दहावीपुरतंच. "काहीतरी दहा ग्रॅम घेतलं, त्यात अॅसिड टाकलं. वायू किती निघंल, असं इचारून राहिले."

"मग काढ."

"मला कुठं येतंय? मी आयटीआय केलं."

"मला बी येत न्हाई. पुढचं वाच."

त्यानं पुढचं वाचलं. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक गणित वाचून झालं की तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं बघायचो. दोघांपैकी कोणालाच येत नव्हतं. एका ठिकाणी त्यानं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. म्हणला, "बाबा, कोण सोडवणार हे? काहून वाचायला लावता?"

मी म्हणलो, "वाच तू."

उजाडलं, शेजारी नळाला पाणी आलं, बाया भांडी घेऊन निघाल्या, आमच्या दारातून आत बघत गेल्या. तो वाचत राहिला. धडा संपला. एकही गणित सुटलं नव्हतं. त्यानं पुस्तक मिटायला घेतलं, तर मी म्हणलो, पान उलट.